मामाचे उपास

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, मामा जेवताना तू त्याच्या ताटाकडे का बघत बसतेस?" तेव्हा मी विषय बदलला. आता लिहून सांगते.

तीन वर्षांपूर्वी एका लग्नात मामाच्या पोटावरून कुणीतरी थट्टा केली. घरी आल्यावर तो म्हणाला, "आई, मी गुरुवार धरतो." मला बरंच वाटलं. तुम्हाला माहीतच आहे, मला सगळं लिहून ठेवायची सवय. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्याच्या गुरुवारांना मी लाल पेनाने गोल केले. मग सोमवार आला, शनिवार आला, एकादशी, चतुर्थी. गोल मीच करत होते. निदान डाळिंब खा म्हटलं, तर म्हणायचा, "निरंकार आहे गं."

भाकऱ्या करायला येणारी बाई म्हणायची, "लई पुण्यवान हाय तुमी! आमचा दादला एकादशीला बी अंडी मागतोय की!" मी हसायचे, पण मनातून फुलून जायचे.

भर मे महिन्यात तो चादर पांघरून बसू लागला. खाणं सोडून आजारी पडणाऱ्या मुलींबद्दल मी इंग्रजी मासिकांत कितीदा वाचलं होतं. पण ते मुलींचं दुखणं, असं डोक्यात पक्कं होतं. समोर बसलेला अडतीस वर्षांचा मुलगा मला कधी दिसलाच नाही.

मग न्हाणीघरात त्याचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. डॉक्टरांनी हात बघितला, मग चेहरा. "दाढी कधी केली होती?"

"आठवत नाही," मामा म्हणाला.

रक्ताचे रिपोर्ट आल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "काकू, पोटात अन्न नाही म्हणून शरीराने पुरुषाचं हार्मोन बनवणं जवळजवळ थांबवलंय. हाडंही ठिसूळ झालीत. हा उपास नाही, आजार आहे. तुमच्या लक्षात नाही आलं?"

मला त्याचा एकूणएक उपास पाठ होता.

उपचार चालू आहेत. दाढी पुन्हा येऊ लागली आहे. हाडं पूर्वीसारखी होतील का, ते डॉक्टरही सांगत नाहीत. कॅलेंडरवर मी आता काही लिहीत नाही.

काल चतुर्थी होती. मी ताट वाढत असताना त्याने विचारलं, "आई, आज काय आहे गं?"

"बुधवार," मी म्हणाले.

तो कॅलेंडरकडे बघत राहिला. मी भाकरीवर तूप घातलं. त्याने अर्धी खाल्ली आणि उठला. उरलेली अर्धी मी झाकून ठेवली, आणि संध्याकाळपर्यंत दोनदा झाकण उचलून बघितलं.