जमिनीवरचा टीव्ही

"रेटिनल डिटॅचमेंट," इजिप्शियन डॉक्टर म्हणाले. म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा मागच्या भिंतीपासून सुटलाय. लॉर्नाचा उजवा डोळा. कॅमेऱ्याला लावायचा नेमका तोच!

लॉर्ना त्रिनिदादची, माझी डायरेक्टर. मी वैशाली, ठाण्याहून शारजात आलेली तिची एडिटर. नव्वदचं दशक सरत आलं होतं. त्रिनिदादला असताना लॉर्ना टीव्हीवर बातम्या द्यायची. तिथले साहेब म्हणाले, "लंडनवाल्यांसारखं बोल." तर ही बाई माइक टेबलावर ठेवून बाहेर पडली आणि कॅमेरा शिकली. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या डॉक्युमेंटऱ्या शूट केल्या. रास अल खैमातल्या सिमेंट कामगारांवरची ही पहिली फिल्म, जिच्यावर दिग्दर्शक म्हणून तिचं नाव लागणार होतं. एडिटिंग अर्ध्यावर आलं आणि डोळ्याने दगा दिला.

आधी काही दिवस डोळ्यापुढे चमक, काळे ठिपके दिसत होते. सिमेंटची धूळ गेली असेल म्हणून ती डोळा चोळत राहिली.

ऑपरेशन झालं. डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला, तो पडद्याला दाबून धरतो. "पण बुडबुडा वर चढतो," डॉक्टर म्हणाले, "म्हणून तोंड सतत खाली. झोपायचंही पालथंच. चिकटेल पडदा, इन्शाल्ला."

तिचं इथे कुणी नव्हतं. मी तिला आमच्या अजमानच्या फ्लॅटवर आणलं. माझी लेक म्हणाली, "आंटी, यू लुक लाइक अ टर्टल!" लॉर्ना खदाखदा हसली.

मग आमच्या कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. फिल्म दुसरा डायरेक्टर पूर्ण करेल, नावही त्याचंच लागेल. माझं डोकंच फिरलं. मेल्याला लाज कशी वाटत नाही! लॉर्ना मात्र शांत होती. "टीव्ही जमिनीवर ठेव," ती म्हणाली. "काच वर करून."

चौदा इंची टीव्ही कारपेटवर उताणा, पलंगाच्या कडेवरून तिचं डोकं त्याच्यावर. डाव्या डोळ्याने बघून ती कुठे कापायचं ते सांगायची. मी ऑफिसात तसं कापून संध्याकाळी नवी कॅसेट आणायची. डॉक्टरांना विचारलं होतं. "तोंड खाली आहे ना? मग बघू दे. थकली की बंद करा." पण तिला थांब म्हणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

एक दिवस मॅनेजर स्वतः हजर झाला. "मॅडम, जिद मत कीजिए. खलास."

लॉर्नाने डोकं हलवलं नाही. "मला तुमचे फक्त मोजे दिसतात. बोलायचं तर खाली बसा."

सुटाबुटातला माणूस कारपेटवर बसला. मी कॅसेट लावली. नीट दिसेना म्हणून तो आधी वाकला, मग कोपरावर आडवा झाला, आणि फिल्म संपेपर्यंत उठला नाही. दुसऱ्या डायरेक्टरचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

पडदा चिकटला. नजर मात्र पूर्ण आली नाही, सरळ रेघा त्या डोळ्याला वाकड्या दिसतात. डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण ते म्हणाले, "आता कॅमेरा विसरा," तेव्हा लॉर्नाने विचारलं, "का? डावा आहे ना?"

बायांनो, बाबांनो, डोळ्यापुढे चमक किंवा सावली दिसली तर चोळत बसू नका. यल्ला, चला, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पडद्यावर तिचं नाव आलं तेव्हा मी हॉलमध्ये हमसून हमसून रडले. त्यानंतर तिने डाव्या डोळ्याने पहिलं शूट केलं. मॅनेजर बघून म्हणाला, "मॅडम, फ्रेम थोडी तिरकी आलीय."

"मग आडवे होऊन बघा," लॉर्ना म्हणाली. "तुम्हाला सवय आहे."