गुलाबावर मारलेलं कपाशीचं औषध

गुलाबावर मावा पडला की माझं डोकं फिरतं. कोवळ्या कळ्यांच्या देठाला ते हिरवे किडे असे चिकटतात की चिरडून चिरडून बोटं चिकट होतात, आणि दुसऱ्या दिवशी मेले पुन्हा तितकेच हजर. त्या वर्षी थंडी सरता सरता पिपरी मेघेतल्या आमच्या अंगणात हेच चाललं होतं. माझे सात कलमी गुलाब, त्यांच्या पायाशी शेवंती, कडेनं निशिगंध आणि लिली. कोपऱ्यात सासूबाईंचा गावठी गुलाब, नाचणगावच्या शेतावरून फांदी आणून लावलेला. त्याला त्या कुणाला हात लावू देत नसत. कीड पडली की तंबाखू भिजवलेलं पाणी शिंपडायच्या. त्या पाण्यानं मावा आणखी जोमानं वाढतो असं मी म्हणायचे, आणि आमचं वाजायचं.

तेव्हा लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती. आठवा महिना, छातीत सारखी जळजळ, दोन घास जाईनात.

सासूबाई चार दिवसांसाठी पवनारला बहिणीकडे गेल्या आणि मी डाव साधला. नाचणगावची शेती दीर पाहतात. त्यांच्याकडून कपाशीचं औषध मागवलं. कपाशीवरचा मावा मरतो तर गुलाबावरच्याला काय धाड भरली, एवढंच माझं शहाणपण. शिल्लक राहिलेलं औषध पाण्याच्या बाटलीत ओतून त्यांनी पाठवलं, वर ना नाव ना गाव. माप विचारलं तर फोनवर म्हणाले, "पंपाले एक झाकण टाकजो वहिनी." माझ्याकडे कुठला आलाय पाठीवरचा पंप? अर्ध्या बादलीत एक झाकण टाकलं, वरून आणखी थोडं, मरू देत एकदाचे म्हणून. लेकीला मागच्या खोलीत बसवलं, नाकाला पदर बांधला आणि सगळ्या झाडांवर शिंपडलं. गावठी गुलाबही सोडला नाही.

सासूबाई दोनच दिवसांत परतल्या. तोवर मावा साफ. गावठी गुलाबाभोवती फिरून म्हणाल्या, "पाह्यलं? माह्या तंबाखूनंच काम केलं." माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर त्यांनी आठ दिवस घर डोक्यावर घेतलं असतं. गावठीची फुलं देवालाच जातात, देवाला काय होणार, असं म्हणत मी गप्प बसले.

त्या आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी लेक गच्चीच्या पायरीवर बसून काचेच्या बरणीतून चमच्यानं काहीतरी खात होती. "आजीनं गुलकंद टाकलाय माझ्यासाठी," ती म्हणाली. "मुरला नाही अजून, पण मला कुठला धीर? कालपासून खातेय. जळजळ कमी वाटते."

मी बरणी तिच्या हातातून हिसकावली. सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, त्यांना विचारलं, पाकळ्या कोणत्या झाडाच्या?

"गावठीच्याच. तुह्या कलमीले वास तरी हाये का?"

मग मला सांगावंच लागलं. वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटेल. सुटला असता तर बरं झालं असतं. त्या खाली बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मले सांगतलं काऊन नाई?"

बरणी तिथंच पायरीवर राहिली, औषधाची बाटली घेतली आणि ऑटोनं वर्ध्याचं हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरांनी बाटली फिरवून पाहिली. "यात आहे काय?" मला कुठं माहीत? दिरांना फोन लावला, उचलेनात, शेतात असणार. लावतच राहिले. तेवढ्यात लेक हळूच म्हणाली, "आई, सकाळपासून हे हललं नाही गं." आपल्या हातानं आपण लेकीचं वाटोळं केलं, दुसरं काही सुचतच नव्हतं. नर्सनं पोटावर यंत्र ठेवलं, सरकवलं, पुन्हा सरकवलं. मग धडधड ऐकू आली. बाळाची. मी तिथंच भिंतीला टेकून रडले.

दुपारी दिरांचा फोन आला, औषधाचं नाव कळलं. डॉक्टरांनी दिवसभर तिला नजरेखाली ठेवलं, पुन्हा पुन्हा नाडी पाहिली, डोळे पाहिले. पोटात फारसं गेलेलं नाही म्हणाले. उलटी झाली, लाळ सुटली तर लगेच आणा असं बजावून संध्याकाळी सोडलं.

घरी आलो तर सासूबाई फाटकातल्या पायरीवर बसलेल्या.

"कशी हाये पोरगी?"

"बरी आहे. बाळही बरं आहे."

"मले वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेल्यापासून मीच खाऊन राह्यली ना तो गुलकंद. तिनं खाल्लं त्याच्याहून जास्त. म्हटलं, मले काही झालं नाई तर तिलेही होणार नाई."

त्या उठायला गेल्या आणि त्यांनी भिंत धरली. कपाळावर घाम होता. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ आली ती त्यांनी पदरानं पुसली, जणू दिवसभर पुसतच असाव्यात. आम्हाला सोडून निघालेला ऑटो गल्लीच्या तोंडाशी पोचला होता. मी चप्पल टाकून त्याच्यामागं ओरडत धावले.

त्या वाचल्या. तीन दिवसांनी घरी आल्या. पण त्या ऑटोतलं एक बोलणं काही माझ्या मनातून जात नाही. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी सारखी विचारत होते, "खरं सांगा, किती खाल्लं? डॉक्टरांना सांगावं लागेल, खरं सांगा."

डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "तू सांगतलं होतं का मले खरं?"