कुलपातले रातकिडे

मुकुंदवाडीत सरूबाईचं घर विचारायची गरजच नव्हती, किर्र आवाजामागं चालत जायचं. वरच्या खोलीत अंड्यांच्या ट्रेमधी हजारो रातकिडे. गारखेड्याची शौकीन पोरं सरडे पाळायची, अन् सरड्यांना जिवंत किडेच लागायचे. "सरूबाई, किडे विकती व्हय?" म्हणून गल्ली हसली. हसू दे की! नवऱ्यामागं याच किड्यांनी तिची चूल पेटती ठेवली.

यंदा उन्हाळा सरताना मात्र ट्रेखाली रोज मेलेले किडे सापडायला लागले. सरूबाईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. सून तनुजा खुलताबादची, पोटुशी, किडे दिसले की नाकाला ओढणी लावणारी. "ती खोली बाळंतपणाला मिळाली असती तर," असं ती नवऱ्याला, सत्यमला म्हणाली होती, ते सरूबाईनं जिन्यातून ऐकलं होतं. झालं! आणखी काय पुरावा पाहिजे?

तिनं खोलीला कुलूप ठोकलं, किल्ली कमरेला खोचली. आधी तनुजा दळणाचा कोंडा चाळून द्यायची. आता तिच्या हातचं नको म्हणून सरूबाई स्वतः कोठीतले गहू काढून भरडायची अन् किड्यांना घालायची. तर किडे आणखीच मरायला लागले. आवाज रोज कमी कमी होत गेला.

"कुलपातनंबी इख घालती गं भवाने!" नळावर, अख्ख्या गल्लीदेखत ती ओरडली. अन् लेकाला म्हणाली, "घरात एक तर मी ऱ्हाईन, नाय तर ही." सत्यम दुसऱ्या दिवशी बायकोला माहेरी सोडायला रिक्षा घेऊन आला.

पिशवी उंबऱ्यापाशी तयार होती, अन् तनुजा मोरीत बसून गहू धूत होती.

"हे काय नवीन नाटक?" सरूबाई फणकारली.

"दळण करून ठेवते, आत्या. मागं तुमचे हाल नकोत. कीड लागू नये म्हणून तुम्ही बोरिक चोळलंय ना गव्हाला? धुतल्याबिगर पोटात कसं घालायचं?"

सरूबाईनं स्वतःचे तळहात पाहिले. चैत्रात तिनंच दोन्ही हातांनी पावडर चोळली होती. नवी कोठी उघडली अन् किडे मरायला लागले. तनुजा धुऊन दळायची म्हणून कोंड्यातून थोडंच गेलं, अन् बिनधुतल्या भरड्यातून तर तिनं मूठ मूठ इखच चारलं होतं.

तिनं किल्ली काढून सुनेच्या हातात कोंबली. "घे. खोली तुझी. मीच मारले गं, मीच सटवीनं."

तनुजानं किल्ली उंबऱ्यावर ठेवली. "मला किल्ली नको, आत्या. नळावर बोललात ते अख्ख्या गल्लीनं ऐकलंय."

ती रिक्षात जाऊन बसली. बाहेर नळावर बाया पाणी भरत होत्या. सरूबाई पदर खोचून रस्त्यावर आली, रिक्षाच्या पुढं आडवी उभी राहिली अन् नळाकडं तोंड करून ओरडली, "ऐका गं सगळ्याजणी! माझ्या सुनेनं काय बी केलं नाय!"