हालेलुया मेस्त्री

आमच्या मेस्त्रींना कुणी चिडवलं की ते वळून शांतपणे विचारायचे, "बोल, काय काम व्हतं?" दापोलीजवळच्या आमच्या गावातली जांभ्याच्या चिऱ्यांची निम्मी घरं त्यांच्या हातची. पण प्रभू येशूला मानायला लागले आणि गावानं त्यांचं नाव ठेवलं हालेलुया मेस्त्री. नाक्यावरची पोरं लांबूनच हेल काढून ओरडायची. मेस्त्री थांबायचे, पिशवी खाली ठेवायचे आणि तोच प्रश्न करायचे. एकदा एक पोरगा ओशाळून म्हणाला, "आयेनं सांगितलान, पायरीचा चिरा निसटलाय." मेस्त्री त्याच दुपारी जाऊन चिरा बसवून आले.

घर बांधायला काढलं की गावात नारळ फोडून देवाला गाऱ्हाणं घालतात आणि एक नारळ टॉवेलावर ठेवून मेस्त्रीला मान म्हणून देतात. मेस्त्री टोपी काढून बाजूला उभे राहायचे आणि तो नारळ हात जोडून परत करायचे. वाडीतल्या तात्यांना त्यांच्या घराच्या वेळी हा अपमान वाटला. "नारळ घेत नसशील तर थापीपण उचलू नको," ते सगळ्यांदेखत म्हणाले.

"बरं तात्या," मेस्त्री म्हणाले. "पायाची दोरी मापात बांधलेली हाय, ती तेवडी सोडू नका. नव्या मेस्त्रीला बरी पडंल."

त्या वर्षी गावात त्यांना एकही काम मिळालं नाही. सकाळच्या एसटीनं ते दापोलीला दुसऱ्याच्या हाताखाली राबायला जायचे. मला तात्यांचा राग यायचा आणि खरं सांगायचं तर मेस्त्रींचाही यायचा. एक नारळ घेतला असता तर काय बिघडलं असतं, असं मी आईकडे कुरकुरायचे.

रविवारी त्यांच्या पडवीत मी आणि आई धरून प्रभूला मानणारी आम्ही आठ-नऊ माणसं प्रार्थनेला जमायचो. मेस्त्री ओळीवर बोट ठेवून अडखळत वचन वाचायचे. गाण्यात त्यांचा सूर कधी लागला नाही, आणि तसं त्यांना सांगायची कुणाची छातीही झाली नाही.

मी कॉलेजात असतानाची गोष्ट. दापोलीच्या स्टँडवर मैत्रिणींबरोबर उभी होते. मेस्त्री बायबल काखेत धरून आले, तशी कुणीतरी ती ठरलेली आरोळी ठोकली. सगळ्या हसल्या. एकीनं मला विचारलं, "तुमच्याच गावचा ना गं हा? ओळखतेस?"

"नाही," मी म्हणाले.

मेस्त्री चार हातांवर होते. त्यांनी ऐकलं आणि गाडीत जाऊन बसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्या रविवारी आईनं मला ओढतच नेलं. प्रार्थना सुटल्यावर मेस्त्रींनी मला परसातल्या अर्धवट भिंतीपाशी बोलावलं आणि भिंत सरळ आहे का बघायचा ओळंबा वरून सोडला. समुद्राकडून वारा होता. दोरीच्या टोकाचा गोळा हेलकावे खात राहिला. मी धरायला हात पुढे केला.

"धरू नको. जरा थांब," ते म्हणाले. गोळा हळूहळू स्थिरावला. "वारा येनारच, बाय. तू हललीस म्हून दोरीतनं सुटलीस असा नाय. मला नाय वळखलंस तरी चालंल. येशूला मातर नाय म्हनू नको."

तेव्हा मी रडले. पुढे नोकरीसाठी रत्नागिरीला आले आणि ऑफिसात पुन्हा तेच करत राहिले. डबा उघडण्याआधी पिशवीत चमचा शोधल्याचं सोंग करायचं आणि मान खाली घालून मनातल्या मनात प्रार्थना उरकायची. कितीतरी वर्षं मी तो चमचा शोधत होते.

गेल्या महिन्यात सकाळी मेस्त्रींच्या मुलीचा फोन आला. मेस्त्री गेले होते. शेवटपर्यंत शुद्धीत होते, म्हणाली.

दुपारी डबा समोर ठेवला. हात जोडले, डोळे मिटले आणि ओठ हलवून प्रार्थना केली. मेस्त्रींसाठी देवाचे आभार मानले. पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, "अरे वा, हालेलुया." पाच-सहा जण हसले. माझे कान तापले. पण मी 'आमेन' म्हटलं, डोळे उघडले आणि त्या सहकाऱ्याकडे वळले.

"बोला, काय काम होतं?"

तो गडबडला. इकडेतिकडे बघून म्हणाला, "काही नाही... लोणचं आहे का?"

मी बरणी त्याच्याकडे सरकवली.