भावाच्या पायाचा दावा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी उच्च न्यायालयात आमची सुनावणी झाली. मागणी तातडीच्या उपचारांची आणि पाच लाख रुपये भरपाईची. आमच्या बाजूने मी, भावजय आणि वकीलबाई. समोर सरकारी वकील. माझा धाकटा भाऊ तुरुंगातून पडद्यावर.

नेऱ्यातल्या शेताच्या बांधावर मारामारी झाली, त्यात तो कच्च्या कैदेत होता. तो खटला अजून चालू आहे, त्याबद्दल इथे लिहीत नाही. त्याला मधुमेह. न्हाणीत फुटकी फरशी लागून पायाला जखम झाली, ती चिघळली. आम्ही नेलेली इन्सुलिनची इंजेक्शनं दारातूनच परत आली. दवाखान्यात न्यायचं तर कधी गाडी नसे, कधी पोलीस. मुलाखतीच्या जाळीतून भावजयीने सुजलेला पाय पाहिला, तेव्हा आम्ही कोर्टात गेलो.

सरकारी वकील म्हणाले, "दर वेळी विचारलंय. कैद्याची तक्रारच नाही."

हे खोटं नव्हतं. आमच्या घरात तापाने फणफणलेल्या माणसाला पाहुण्याने विचारलं काय नि डॉक्टरने विचारलं काय, उत्तर एकच.

न्यायमूर्तींनी भावालाच विचारलं, "तब्येत कशी आहे?"

"बरं हाय, साहेब."

वकीलबाईंनी डोळे मिटले. भावजय ताडकन उठली. "काय बरं हाय? पाव्हणं आल्यात व्हय घरी? पाय दाखवा की!"

शिपाई धावला. न्यायमूर्ती म्हणाले, "बोलू द्या त्यांना."

"आगं, कोर्ट हाय ते," पडद्यावरून भाऊ.

"आसू दे. दाखवा आदी!"

त्याने खुर्चीचा आधार घेतला, फडकं सोडलं आणि पाय कॅमेऱ्यापुढे धरला. न्यायमूर्तींनी त्याला आजच्या आज दवाखान्यात न्यायचा आदेश दिला. त्याच संध्याकाळी गाडी मिळाली, पोलीसही मिळाले. अंगठा गेला, पाय वाचला. आणखी उशीर झाला असता तर गुडघ्याखालून काढावा लागला असता, असं सर्जन म्हणाले.

पुढे निकाल आमच्या बाजूने लागला. कैद्याने तक्रार केली नाही म्हणून उपचारांची जबाबदारी टळत नाही, असं कोर्टाने स्वच्छ सांगितलं. भावजयीने भुकूमपासून घरापर्यंत ओळखीचा दिसेल त्याला पेढा दिला.

भरपाई दोन लाख मंजूर झाली. तोवर भाऊ जामिनावर सुटला होता. पौडच्या बँकेत तो आपल्या पायांनी चालत आला. वकीलबाईंना खर्चाचे पंचवीस हजार त्याने दिले. उरलेले पावणेदोन लाख भावजयीच्या नावावर ठेवले.