मधल्या पन्हळीची वहिवाट

गावात घाण कुणी काढायची यावरून भांडणं होतात ती 'तू काढ, तू काढ' अशी. आमच्या घरात उलटं. मधली पन्हळ साफ करायला दोन्हीकडची माणसं दांडकी घेऊन चढायची आणि 'मीच करणार' म्हणून एकमेकांची डोकी फोडायची.

इस्लामपूरच्या अलीकडं आमचं गाव. वाटणी झाल्यावर वडील आणि चुलते एकाच घरात मधे मातीची भिंत घालून राहिले. दोघांच्याही पत्र्यांचा उतार त्या भिंतीवर येतो, आणि भिंतीच्या डोक्यावरची पन्हळ सगळं पाणी मागं परसात नेऊन टाकते. वाटणीत शेत आलं, विहीर आली, आंब्याचं झाडसुद्धा आलं. पन्हळ राहिली. मग कुणा शहाण्यानं सांगितलं, जो साफ करतो त्याची वहिवाट आणि ज्याची वहिवाट त्याची भिंत. तेव्हापासून रोहिणी निघाल्या की आमच्यात मारामारी. एका वर्षी वडिलांनी चुलत्यांचा दात पाडला. पुढच्या वर्षी चुलत्यांनी त्यांना पत्र्यावरून खाली ढकललं. उकिरड्यात पडले म्हणून वाचले.

गेल्या थंडीत वडिलांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि ते खाटेला खिळले. खाट कुठं, तर त्याच भिंतीला लागून. उन्हाळ्यात मी शिरवळहून सुट्टीला आले. तिथल्या कारखान्यात मी माल तपासते. आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली, आणि हे मी कुणालाही ताठ मानेनं सांगते. आल्या आल्या भिंतीला हात लावला. आदल्या वळवाचं पाणी आत मुरलेलं, मधे फुगवटा आलेला. बोट लोण्यात जावं तसं आत गेलं.

"आबा, खाट पलीकडं घेऊ."

"न्हाई." तोंड वाकडं झालेलं, पण बोलणं सरळ. "खाट हालली की भित त्याची."

"अंगावर पडंल की!"

"पडू दे. माज्याच भितीखाली मरंन."

"आवं, मेल्यावर कसली वहिवाट?" आई म्हणाली. त्यांनी डाव्या हातानं तांब्या फेकून तिला मारला.

म्हणून दुपारी मीच शिडी लावली. आभाळ भरून आलं होतं. पन्हळीत वीतभर गाळ. उसाचं पाचट जाळल्यावर उडणारी काळी राख, पारव्यांची घाण, लिंबाचा पाला, सगळं मिळून दगड झालेलं. जरा कुठं फावडं चालवलं, तोवर पलीकडून चुलते चढून आले. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, हातात टिकावाचा दांडा. खाली काकी मोबाईल वर धरून उभी.

"उतर खाली. साफ मी करनार."

"मग करा की नाना! कोन अडवतंय? तिकडं आबांच्या अंगावर भित येतीय."

"आधी तू उतर."

"आवं, तुमी नुसतंच हुबं दिसताय," काकी खालून ओरडली. "हातात फावडं घ्या, मग फोटू काढते!"

त्यांनी माझं फावडं ओढलं. मी सोडलं नाही. दांडा माझ्या खांद्यावर बसला आणि हात बधिर झाला. मी दुसऱ्या हातानं फावडं फिरवलं, ते त्यांच्या मनगटावर बसलं. हाड वाजलेलं मला ऐकू आलं. त्यांनी वेणी धरून माझं तोंड पत्र्यावर आपटलं. दातांत रक्त आणि राख. मी त्यांच्या पोटरीला कडाडून चावले.

"पदवी घिऊन आली आन चावतीया बगा!" काकीचा मोबाईल चालूच होता.

तेवढ्यात गारा सुरू झाल्या. बघता बघता पन्हळ भरली, पाण्याला वाट नव्हती, ते सरळ भिंतीत उतरलं. आम्ही दोघं ते डोळ्यांनी बघत होतो आणि तरी एकमेकांना सोडत नव्हतो.

खाली आई आत धावली होती, हे मला नंतर कळलं. तिनं खाटेचे पाय धरले आणि ओढायला लागली. वडील तिला डाव्या मुठीनं पाठीवर, डोक्यावर, कानावर मारत होते, तिच्या आईबापांचा उद्धार करत होते. ती ओढत राहिली. खाट हातभर सरकली आणि भिंत बसली. पत्रे वाकले, त्यावरून आम्ही दोघं घसरत चुलत्यांच्या बाजूच्या चिखलात आलो.

चुलते आधी उठले. मनगट लोंबत होतं. ढिगारा तुडवत ते आमच्या खोलीत आले. वाटणीनंतर पहिल्यांदाच.

"दादा? दादा, लागलं का?"

वडिलांनी डाव्या हातानं दाराकडं बोट केलं.

"दारानं ये."

"आं?"

"भित पडली म्हनून काय झालं? दारानं ये."

चुलते वळले. हात छातीशी धरून ढिगाऱ्यावरून माघारी गेले, आपल्या दारातून बाहेर पडले, गारांतून वळसा घालून आमच्या उंबऱ्याशी येऊन थांबले.

"येऊ का?"

आईच्या कानातून रक्त येत होतं. तिनं ते पदरानं पुसलं.

"या भावजी. आन त्या टोकाला धरा, हितं पानी येतंय."

त्यांनी धड हातानं धरलं. दोघांनी मिळून खाट पार पलीकडच्या भिंतीला नेली, आणि तोवर वडील दोघांनाही शिव्या देत होते.