आबा, हात

पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं माझं दुकान. जुनी तार कोपऱ्यात साठते, तसे किस्सेही साठतात. तार भंगारवाला नेतो. किस्से कोणी नेत नाही, म्हणून सांगतो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. शाळेचे पाटील सर दुकानात आले. मागे नववीतली दोघं. सुनंदा, तिची आई कापूस वेचायला जाई. आणि सलीम, त्याचे वडील पत्र्याचे डबे बनवत. विज्ञान प्रदर्शनासाठी कापूस वेचणारा यंत्रमानव करायचा होता. आदल्या वर्षी याच दोघांचं यंत्र परीक्षकांनी परत पाठवलं होतं. शेरा होता, 'मुलांनी केलेले नाही.' वर्गातली पोरं दोघांना चोर म्हणत.

मी म्हटलं, "सांगेन. हात लावणार नाही. माझा हात लागला तर यंत्र माझं, मग प्रदर्शनात मीच जातो."

सर म्हणाले, "आबा, तुम्ही चौथी शिकलेले. तिथं आठवीपासून पुढे घेतात."

*

सलीमने तेलाच्या डब्याचं मोठं डोकं केलं. त्या वजनानं यंत्र तोंडावर पडायचं.

"डोकं काढ."

"आबा, डोक्याशिवाय यंत्रमानव?"

"बिनडोक चाललेले पुष्कळ पाहिलेत. हात नसला तर काम अडतं."

डोकं निघालं. सलीम दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

*

हाताला सायकलच्या तारांची तीन बोटं होती. ओढायला जीपच्या वायपरची मोटार. पण बोटं कापसाबरोबर अख्खं बोंड तोडून आणायची. मी मोटार बदलायला लावली, स्प्रिंग बदलायला लावली. आठ दिवस गेले.

मग सुनंदाने आईला आणलं. बाई दारातच उभी राहिली. एकदा पाहिलं आणि सलीमला म्हणाली, "पोऱ्या, बोंडले काब्र दाबस? कापूसले धर. बोंड झाडवरच ऱ्हावाले जोयजे."

आणि बोंड न दाबता नुसता कापूस कसा धरायचा, ते हवेतच तीन बोटं फिरवून दाखवलं. तीस वर्षं मोटारी भरणाऱ्या मला हे सुचलं नव्हतं. सुनंदाने बोटांची टोकं आत वळवली.

*

एकदा सवयीनं माझ्या हातून एक नट आवळला गेला. सुनंदाने पाहिलं. पाना घेतला, नट सैल केला आणि स्वतः परत आवळला.

तेव्हापासून मी जवळ सरकलो की दोघं म्हणायची, "आबा, हात." मी दोन्ही हात खिशात घालायचो.

*

धुळ्याचं प्रदर्शन. डब्यात रोवलेलं कपाशीचं झाड, समोर आमचं बिनडोक यंत्र. परीक्षक आले. यंत्राकडे पाहिलं, मग माझ्या वंगणाने काळ्या झालेल्या हातांकडे.

"कोणी केलंय ते दिसतंच आहे," म्हणाले.

सलीमचं तोंड उतरलं. सुनंदा म्हणाली, "सर, खोलते." परवानगीची वाट पाहिलीच नाही. बोटं, तारा, मोटार, सगळं टेबलावर मांडलं. मग दोघं जोडायला बसली. परीक्षक घड्याळ पाहत उभे राहिले. गर्दी जमली. मी हात खिशात घातले.

जोडून झालं. सलीमने बटण दाबलं. हात हललाच नाही.

मला लांबूनच दिसलं. मोटारीला आलेली एक तार सुटली होती. सलीम माझ्याकडे बघायला लागला. परीक्षकही बघायला लागले.

सुनंदाने मान वर केली नाही. "आबा, बाहेर जा."

आयुष्यात मला असं कोणी सांगितलं नव्हतं. गेलो. पटांगणातल्या नळापाशी उभा राहिलो. आतून आवाज येत नव्हता. नळाखालची बादली भरून वाहायला लागली, तरी कोणी आलं नाही.

मग सलीम आला. पळत नाही, चालत. माझ्यासमोर मूठ उघडली. मुठीत नुसता कापूस, पांढराशुभ्र.

"बोंड झाडवरच शे, आबा."

मी खिशातून हात काढले.